उजव्या खुर्चीतला सार्जंट

१० डिसेंबर १९५२ च्या रात्री उत्तर कोरियाच्या आकाशात अमेरिकन मरीन दलाच्या एका जेटनं शत्रूचं विमान पाडलं, आणि पाडणाऱ्या दोघांपैकी एकालाही ते विमान दिसलं नाही. डावीकडे बसलेल्या लेफ्टनंट जोसेफ कॉर्व्हीच्या समोर काच होती आणि काचेपलीकडे नुसता काळोख. उजवीकडे सार्जंट डॅन जॉर्ज पडद्यावरचा एक ठिपका पाहत होता. तो सांगेल तसं कॉर्व्ही वळत गेला. ठिपक्यावर रडारचं 'लॉक' बसलं, तोफा सुटल्या आणि ठिपका गेला. सावजाची आकृतीही न बघता केवळ रडारच्या भरवशावर जेटनं केलेली ही पहिली शिकार मानतात.

शिकार कसली होती? पो-२. १९२० च्या दशकात आखलेलं, लाकूड आणि कापडाचं, दोन मजली पंखांचं सोव्हिएत विमान. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास रमतगमत जाणारं.

नोंदी चाळल्या की 'कॉर्व्हीनं पाडलं' असंच वाचायला मिळतं, जॉर्जचं नाव पाठोपाठ येतं. लढाऊ विमानांच्या गोष्टी वैमानिकाच्या असतात, तशी रीतच पडली आहे. मला मात्र या एका विमानाच्या बाबतीत ती रीत पटत नाही. डग्लस एफ३डी स्कायनाइट हे विमान आखलं गेलं तेच मुळी उजव्या खुर्चीसाठी, असं माझं मत आहे.

मागचा संदर्भ थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानं रात्री येऊन अमेरिकन जहाजांवर टॉर्पेडो सोडू लागली, तेव्हा विमानवाहू जहाजांवरच्या वैमानिकांकडे त्यावर उत्तर नव्हतं. १९४३ च्या नोव्हेंबरात एंटरप्राइझ जहाजावर एक जुगाड केला गेला. रडार होतं ते ॲव्हेंजर या मोठ्या टॉर्पेडो विमानात, आणि झपाट्यानं लढायची ताकद होती ती हेलकॅट या लढाऊ विमानात. म्हणून एक ॲव्हेंजर पुढे, त्याच्या मागे दोन हेलकॅट, अशी तिघांची टोळी अंधारात पाठवायची. २६ नोव्हेंबरच्या रात्री या टोळीचा म्होरक्या, लेफ्टनंट कमांडर 'बुच' ओहेअर, त्या गोंधळात गेला तो परत आलाच नाही. शिकागोच्या विमानतळाला त्याचंच नाव आहे. अमेरिकेला जाणारी आपली निम्मी मंडळी कधी ना कधी तिथल्या पट्ट्यावर बॅगांची वाट बघत उभी राहिलेली असतात. नाव कोणाचं, हे विचारायला त्या वेळी कोणाला सवड असते!

पुढे रडार इतकं आटोपशीर झालं की हेलकॅटच्या पंखावर एका फुगीर डब्यात बसवता आलं. आता दोन विमानांची गरज उरली नाही, पण सगळा भार एकट्या वैमानिकावर आला. विमान सांभाळायचं, डोळे खाली घालून पडदा वाचायचा, मग डोळे वर करून अंधारात नेम धरायचा आणि शेवटी अंधारातच डुलणाऱ्या जहाजावर उतरायचं. काहींनी हे केलंही, आणि उत्तम केलं. पण सगळ्यांकडून ते होणार नाही हे नौदलाला कळून चुकलं होतं. १९४५ मध्ये जेटवर चालणाऱ्या, जहाजावरून उडणाऱ्या, रडारधारी निशाचर विमानाची मागणी निघाली तेव्हा त्यात दुसरा माणूस आलाच.

डग्लस कंपनीच्या एल सेगुंदो कारखान्यात एड हाइनमन आणि त्याचे सहकारी कामाला बसले. दूरचं पाहायचं तर रडारची तबकडी मोठी हवी. मोठी तबकडी नाकात मावायची तर नाक जाड हवं. नाक जाड झाल्यावर त्यामागे दोन माणसं शेजारी शेजारी सहज बसतात. जेटचा जमाना नुकताच सुरू झाला होता, जो तो निमुळत्या आकारामागे होता, आणि इथे कागदावर एक गुबगुबीत धूड उतरलं. पंख सरळ, दोन इंजिनं पोटाच्या दोन्ही कडांना खाली चिकटवलेली, नाकाखाली २० मिलीमीटरच्या चार तोफा. कंत्राट एप्रिल १९४६ चं आणि पहिलं उड्डाण २३ मार्च १९४८ चं. सैनिकांनी त्याला 'विली द व्हेल' म्हटलं, आणि फोटो पाहिल्यावर त्यांना दोष देता येत नाही.

(याच मागणीसाठी ग्रमन कंपनीनं चार इंजिनांचं एक निशाचर विमान आखलं होतं. ते बारगळलं, पण त्याच कंत्राटातून एका इंजिनाचं, एका माणसाचं, दिवसाचं पँथर जन्माला आलं आणि कोरियात त्यानं नाव काढलं.)

वेस्टिंगहाउसचं इंजिन डग्लसच्या नशिबी पुरेसं आलंच नाही. सुधारलेल्या एफ३डी-२ मध्ये जे४६ नावाचं दमदार इंजिन बसायचं होतं. ते रखडलं आणि जुन्या जे३४ वरच भागवावं लागलं. परिणामी कोरियात समोर येणारं सोव्हिएत बनावटीचं मिग-१५ जेट स्कायनाइटपेक्षा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरनं जास्त पळायचं. दिवसाउजेडी गाठ पडली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको.

पण रात्री हिशोब बदलतो. स्कायनाइटमध्ये एक नव्हे, तीन रडार होती. पहिलं शोधायचं. ते सुमारे तीस किलोमीटरवरचं लढाऊ विमान टिपायचं. दुसरं नेमाचं, ते शेवटच्या तीनेक किलोमीटरांत लक्ष्याला चिकटून राहायचं. आणि तिसरं शेपटीत, मागून कोण येतंय ते सांगणारं. हे सगळं ट्रान्झिस्टरच्या आधीचं, म्हणजे शेकडो व्हॉल्व्हचं. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, तो तापेपर्यंत आवाज यायचा नाही आणि ट्रक गेला तरी खरखरायचा. असे शेकडो व्हॉल्व्ह ज्या नाकात भरलेत त्याच्याच खाली चार तोफा धडाडणार, वर कोरियाचा हिवाळा. ही यंत्रं चालती ठेवायला जमिनीवरच्या तंत्रज्ञांना किती खपावं लागत असेल! त्यांची नावं तर कुठल्याच यादीत नाहीत.

आता कॉकपिटमध्ये जरा डोकावू. उजवीकडच्या रडार ऑपरेटरच्या पुढ्यात पडदे आणि बटणं, आणि त्याला बाहेर बघण्याचं कारणच नाही. खालच्या बाजूनं जमिनीवरचा नियंत्रक, बऱ्याचदा पश्चिम किनाऱ्याजवळच्या चो-दो बेटावरच्या रडार केंद्रातला, दोघांना लक्ष्याच्या आसपास आणून सोडतो. तिथून पुढे आवाज फक्त उजव्या खुर्चीचा. इतकं डावीकडे. थोडं वर. अंतर कमी होतंय. वेग आवर, नाहीतर पुढे निघून जाशील. घाटात दाट धुक्यात ट्रक अडकला की मालकही मुकाट्यानं क्लीनरच्या 'येऊ द्या, येऊ द्या' वर चाक वळवतो, तसा वैमानिक त्या आवाजावर चालायचा. मरीन दलात वैमानिक अधिकारी, आणि ऑपरेटर बहुतेक वेळा सार्जंट किंवा मास्टर सार्जंट. खाली उतरल्यावर जो सलाम ठोकणार तोच वर हुकूम सोडणार. लष्करासारख्या ठिकाणी ही उलटापालट रोज रात्री कशी निभावली जात असेल याचं मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे, आणि लढाईच्या अहवालांत नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

दोघांच्या खुर्च्यांच्या मागे, मधोमध, आणखी एक गोष्ट होती. विमानाच्या पोटातून बाहेर पडणारं भुयार. खुर्चीसकट माणसाला वर उडवून देण्याची यंत्रणा तेव्हा नवी होती आणि स्कायनाइटमध्ये ती नव्हतीच. विमान सोडायची वेळ आली तर पट्टे सोडायचे, खालचा दरवाजा उडवायचा, मागे वळून त्या उतरत्या नळीत शिरायचं आणि घसरगुंडी करत पोटाखालून हवेत. एकामागून एक. बरीच उंची हाताशी असेल तरच हे साधायचं. जहाजावरून उडताना इंजिननं दगा दिला तर भुयाराचा उपयोग शून्य. डग्लसनं पुढे ए३डी या बॉम्बफेकी विमानातही असंच भुयार ठेवलं आणि त्या विमानाच्या तिघा सैनिकांनी 'ए३डी' या अक्षरांचा अर्थ 'तिघंही मेले' असा लावून घेतला. सैनिकांचा विनोद असाच असतो.

जहाजासाठी बनवलेलं हे विमान जहाजावर फारसं रमलं नाही. १९५३ मध्ये नौदलाची एक छोटी तुकडी स्कायनाइट घेऊन लेक चॅम्प्लेन जहाजावर कोरियाकडे निघाली. इंजिनांचे झोत किंचित खाली वळलेले, आणि जहाजाचा माथा लाकडी! फळ्या भाजून निघू लागल्या. विमानं किनाऱ्यावरच्या तळावर पाठवून देण्यात आली तेव्हा जहाजावर कोणी फार हळहळलं असेल असं वाटत नाही. स्कायनाइटची खरी कामगिरी झाली ती जमिनीवरून, दक्षिण कोरियातल्या कुन्सानच्या तळावरून, मरीन दलाच्या ५१३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या हातून. या स्क्वाड्रनचं टोपणनाव 'फ्लाइंग नाइटमेअर्स'. सुरुवात वाईटच झाली. ज्यानं ही माणसं तयार केली तो कर्नल पीटर लॅम्ब्रेख्ट ऑगस्ट १९५२ मध्ये पीत समुद्रावर विमानासकट नाहीसा झाला.

त्यांना मिळालेलं मुख्य काम होतं बी-२९ बॉम्बफेकी विमानांची पाठराखण. २३ ऑक्टोबर १९५१ ला उत्तर कोरियातल्या नामसीवर मिगनी बी-२९ ची भरदिवसा इतकी दाणादाण उडवली की त्यानंतर ही अवजड विमानं रात्रीच जाऊ लागली. मग १० जून १९५२ च्या रात्री क्वाकसानच्या पुलाजवळ तेही कवच फुटलं. खालून सर्चलाइटनी बी-२९ पकडायची, उजळलेल्या विमानावर मिगनी तुटून पडायचं. मिगकडे स्वतःचं रडार नव्हतं. जमिनीवरचा नियंत्रक आणि सर्चलाइट हेच त्यांचे डोळे. अमेरिकन हवाई दलाकडे एफ-९४ हे रडारधारी जेट होतं, पण त्यातलं यंत्र शत्रूच्या हाती पडेल या भीतीनं त्याला बरेच दिवस पलीकडे जाऊच दिलं नाही. ठेवणीतली पैठणी घरात राहिली आणि कामाला गेला नौदलाचा 'व्हेल'.

२ नोव्हेंबरच्या रात्री मेजर विल्यम स्ट्रॅटन आणि मास्टर सार्जंट हान्स हॉग्लिंड यांनी एक जेट पाडल्याचा दावा केला. रात्री जेटनं जेट पाडण्याची ही पहिली वेळ. त्यांनी ते याक-१५ म्हणून ओळखलं; पुढे बाहेर आलेल्या रशियन नोंदी मात्र सांगतात की ते मिग होतं, मार खाऊन का होईना तळावर परतलं. अंधारात झालेल्या लढाईची साक्ष अशीच असायची. आठवड्याच्या आत, ८ तारखेला, कॅप्टन ऑलिव्हर डेव्हिस आणि त्याचा ऑपरेटर वॉरंट ऑफिसर फेस्लर यांनी मिग-१५ पाडलं त्याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे. सोव्हिएत वैमानिक कोवाल्योव पॅराशूटनं उतरला, वाचला. जानेवारी १९५३ मध्ये आणखी तीन मिगचे दावे झाले. त्यातला शेवटचा, ३१ तारखेचा, खुद्द स्क्वाड्रनप्रमुख लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट कॉन्ली आणि मास्टर सार्जंट जेम्स स्कॉट यांचा.

मिगवाल्यांनीही डाव शोधला होता. एक मिग आमिष म्हणून पुढे मिरवायचं, स्कायनाइट त्याच्या मागे लागलं की दुसऱ्यानं पाठीवर यायचं. शेपटीतल्या तिसऱ्या रडारची किंमत इथे कळली. सावज टप्प्यात असताना 'सोड त्याला, मागे कोणीतरी आहे' हे उजवीकडून ऐकायचं आणि ऐकून खरंच वळायचं, यासाठी वैमानिकाला काय पचवावं लागत असेल! सबंध युद्धात स्कायनाइटचे दावे सहाच्या आसपास. अमेरिकेच्याच दिवसाच्या सेबर विमानांच्या शेकड्यांतल्या आकड्यांपुढे ते कोणी मोजत नाही. पण जानेवारी १९५३ नंतर, २७ जुलैला तोफा थांबेपर्यंत, रात्रीच्या मिगना एकही बी-२९ पाडता आलं नाही. पाठराखण्याचं यश असंच दिसतं, म्हणजे दिसतच नाही.

ती बी-२९ सुखरूप परतत होती म्हणजे खाली काय होत होतं, हेही लिहायला हवं. उत्तर कोरियाची शहरं त्या तीन वर्षांत जमीनदोस्त झाली. प्योंगयांगमध्ये उभी इमारत शोधावी लागत होती. विमानांच्या गोष्टीत रमणारे आम्ही लोक उंचीवरूनच बघतो आणि तिथून हे दिसत नाही, हा आमच्या छंदाचा दोष आहे. स्कायनाइटच्या दोघांनाही ते दिसत नव्हतं.

२९ मे १९५३ च्या रात्री आन्जूजवळ एका चिनी मिगनं स्कायनाइट पाडलं. कॅप्टन जेम्स ब्राउन आणि सार्जंट जेम्स हॅरेल दोघंही गेले. २००१ च्या उन्हाळ्यात, अठ्ठेचाळीस वर्षांनी, कुन्सानजवळच्या किनाऱ्यावर हॅरेलचे अवशेष सापडले, विमान पडलं असं धरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर. भुयारातून आधी कोण निघालं, दोघं निघाले की नाही, हे आता कोण सांगणार?

माझ्या उजव्या खुर्चीच्या सिद्धांताला एक खोट आहे, तीही सांगून टाकतो. ज्या पो-२ पासून मी सुरुवात केली त्या कापडी विमानांनी अमेरिकनांना पुरतं जेरीला आणलं होतं. 'बेडचेक चार्ली' म्हणत त्यांना. माणसं झोपायला गेली की हे येऊन चार बॉम्ब टाकून जायचे. जेटला इतकं हळू उडता येत नाही. हळू होऊ पाहणारं एक एफ-९४ असंच कोसळलं. शेवटी नौदलानं लेफ्टनंट गाय बॉर्डेलॉनला पंखेवालं जुनं कोर्सेअर घेऊन किनाऱ्यावर आणलं. १९५३ च्या जून-जुलैमध्ये त्यानं अशी पाच रात्रविमानं पाडली आणि कोरियातला अमेरिकन नौदलाचा एकमेव 'एस', म्हणजे पाच विमानं पाडणारा, ठरला. कोर्सेअरला खुर्ची एकच. रडारही तोच वाचायचा, तोफाही तोच डागायचा. असे असतात काही. पण त्यांच्यावर हिशोब मांडून विमानं आखता येत नाहीत.

मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय होऊन उभी होती ती जुनी विक्रांत ज्यांनी पाहिली असेल, किंवा गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जे गेले असतील, त्यांना सी हॉक आठवेल. देखणं, एका माणसाचं, दिवसाचं विमान. त्याच्याशेजारचं बोजड पंखेवालं अलिझे फारसं कोणी निरखत नाही. १९७१ मध्ये विक्रांतवरची रात्रीची कामं बहुतेक त्या अलिझेकडे होती. त्यात रडार होतं आणि तीन माणसं होती.

युद्धानंतर स्कायनाइट मागे पडलं, तरी हाकललं गेलं नाही. पोटात जागा होती, दोन माणसं होती, कोणतंही नवं यंत्र आणून ठेवा आणि उडवून बघा. स्पॅरो क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या चाचण्या त्यावर झाल्या. तेच क्षेपणास्त्र पुढे फँटम या लढाऊ जेटचं मुख्य हत्यार झालं. १२ ऑगस्ट १९५७ ला लेफ्टनंट कमांडर डॉन वॉकरचं स्कायनाइट अँटिएटम जहाजावर उतरलं तेव्हा ते उतरवत होतं जहाजावरचं यंत्र. डाव्या खुर्चीलाही त्या दिवशी फारसं काम नव्हतं.

मग पस्तीस विमानांच्या पोटात शत्रूचं रडार ऐकण्याची आणि गोंधळवण्याची यंत्रं भरली गेली. १९६२ मध्ये नावं बदलली तेव्हा ती ईएफ-१०बी झाली, आणि एप्रिल १९६५ मध्ये व्हिएतनाममधल्या दा नांग तळावर पोहोचली. त्याच वर्षी २४ जुलैला सोव्हिएत एसए-२ क्षेपणास्त्रानं तिथे पहिलं अमेरिकन विमान पाडलं. तीन दिवसांनी त्या क्षेपणास्त्रांच्या तळांवर हल्ला झाला तेव्हा कडेनं घिरट्या घालत, रडारांच्या कानात खरखर ओतत ही म्हातारी विमानं हजर होती. कोरियात लढून व्हिएतनाममध्येही लढलेलं अमेरिकेचं हे एकच लढाऊ जेट. आता ते कोणाचा पाठलाग करत नव्हतं. डाव्या बाजूच्यानं विमान ठरल्या वाटेवर ठेवायचं आणि उजव्या बाजूच्यानं सगळं युद्ध लढायचं, असं उघडच झालं होतं.

१९६९ मध्ये ती दा नांगहून निघाली. त्यांच्या जागी ईए-६ए ही नवी विमानं आली होती. वेगानं जास्त, यंत्रांनी भरलेली, आणि दोघांच्या खुर्च्या मात्र शेजारी शेजारीच.